कूलर बंद करा, मग रेकॉर्ड दाबा: नागपुरात घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर

मी पहिलं गाणं मे महिन्यात रेकॉर्ड केलं, तीच पहिली चूक. मनीषनगरकडे दहा बाय बाराची खोली, खिडकीत कूलर, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, आणि मी नवीन माईक घेऊन बसलो. कूलर चालू ठेवला तर गाण्यात धबधबा, बंद केला तर दहा मिनिटांत हेडफोनच्या गाद्या कानाला चिकटून राहिल्या. शेवटी ठरवलं की कूलर चालू राहू दे, आवाज नंतर सॉफ्टवेअरमधून काढू. नंतर निघाला खरा, पण त्याच्याबरोबर माझा आवाजही असा झाला की जणू मी पाण्याच्या टाकीत उभा राहून गाऊन राहिलो.

म्हणून नवीन पोट्टे जेव्हा विचारतात की भाऊ कोणता माईक घेऊ, तेव्हा मी सांगतो की माईक राहू दे, आधी घरातला आवाज मोज. जो आवाज माईकमध्ये शिरलाच नाही तो नंतर काढावा लागत नाही, आणि या कामाला एक रुपया लागत नाही. पैसे कुठे लागतात ते पुढे सांगतो.

आधी खोली ऐका

ज्या खोलीत रेकॉर्ड करायचं तिथे मोबाईल ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि एक मिनिट काहीच करू नका, श्वाससुद्धा हळू घ्या. मग हेडफोन लावून ते मिनिट फुल आवाजात ऐका आणि जे ऐकू येईल ते कागदावर लिहा. माझ्या यादीत पंखा, फ्रिज, इन्व्हर्टरची घूंऽऽ, भिंतीवरचं घड्याळ, खालच्यांची पाण्याची मोटर, रेल्वेचा भोंगा आणि एक कबूतर निघालं. घड्याळ मला दोन वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं, पण माईकला कानासारखं दुर्लक्ष करता येत नाही ना.

आता यादीतलं एकेक बंद करून परत एक मिनिट घ्या. फ्रिज अर्धा तास बंद ठेवला तर दूध नासत नाही, फक्त परत चालू करायची आठवण राहावी म्हणून माझा एक मित्र गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवतो, मला ही युक्ती फार आवडते. मोटरचं म्हणाल तर सरळ जाऊन सांगायचं, "काकू, वीस मिनिटं मोटर नका लावू, गाणं रेकॉर्ड करून राहिलो." आमच्या काकू हसत म्हणाल्या होत्या, "हाव ना बाप्पा, मले वाटलं कोणाशी भांडून राहिला." तेव्हापासून गाणं वरच्या पट्टीत घ्यायचं असेल तर मी आधी सांगून येतो.

वेळ कोणती घ्यायची हे मोहल्ल्यावर आहे. महाल-इतवारीकडे गल्ली लवकर जागी होते आणि उशिरा झोपते, बेसा-मनीषनगरकडे दुपारी दोन ते चार बऱ्यापैकी शांत असतं, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येऊन गेलेली असते, भंगारवाला जेवायला गेलेला असतो. रात्र शांत असते हा उन्हाळ्यातला मोठा भ्रम आहे, रात्री आख्ख्या कॉलनीचे कूलर चालू असतात आणि तुमचा बंद करून काही फायदा होत नाही. उन्हाळ्यात घ्यायचंच असेल तर खोली अर्धा तास आधी गार करून ठेवा, मग कूलर बंद, एक कडवं घ्या, कूलर चालू, दहा मिनिटं विश्रांती, परत बंद. नवतपात तर मी माईकला हातच लावत नाही, तेव्हा फक्त मिक्सिंग, म्हणजे आधी घेतलेले आवाज जुळवत बसायचं. खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ना पंखा ना कूलर, स्वेटर घालून आरामात गा.

मग खोलीला गप्प करा

खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर टर्रर्र असा शेपटीसारखा आवाज आला म्हणजे भिंती आवाज परत फेकून राहिल्या आहेत, आणि तुमच्या गाण्यातही ती शेपटी येणार. बाथरूममध्ये गाणं छान वाटतं ते याचमुळे, पण रेकॉर्ड झालेली शेपटी नंतर नीट कापता येत नाही.

यावर लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात. कृपा करून चिकटवू नका, पातळ पुठ्ठा आहे तो, वरच्या थोड्या फ्रिक्वेन्सी सोडल्या तर काही शोषत नाही, वर धूळ बसते आणि आगीची भीती वेगळी. इंचभर जाडीचा फोमही खालच्या आवाजाला काही करत नाही, कारण १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ११ फूट लांब असते, तिला इंचभर स्पंज काय अडवणार. जाड आणि जड पाहिजे, आणि तो माल आपल्याकडे भरपूर आहे, आपण कापसाच्या मुलखात राहतो राजेहो! घरातली जुनी कापसाची गादी काढा. नसेल तर गादीवाल्याकडून जुन्याच कापसाची पिंजून करून घ्या, रजया गोळा करा, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडी ठेवा.

गादी लावायची कुठे, इथे बहुतेक जण चुकतात. ते गादी माईकच्या मागे लावतात. पण आपण वापरतो ते बहुतेक माईक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं कमी. माईक तुमच्याकडे तोंड करून आहे, म्हणजे त्याला तुम्ही दिसता आणि तुमच्या मागची भिंत दिसते. तर पहिली गादी तुमच्या पाठीमागे उभी करा, दोन गाद्या असतील तर कोपऱ्यात इंग्रजी व्ही सारख्या लावून त्यात पाठ करून उभे राहा. तिसरी रजई वरून टाकता आली तर उत्तम, स्लॅबचं छतही आवाज फेकते. खोलीच्या बरोब्बर मधोमध उभे राहू नका आणि भिंतीला चिकटूनही नको.

परत टाळी वाजवा. फरक तुम्हालाच कळेल.

घूंऽऽ कुठून येते

गिटार किंवा कीबोर्ड वायरने जोडणाऱ्यांना ही कटकट जास्त. आपली लाईन ५० हर्ट्झची आहे, म्हणून घूं ही ५०, १००, १५० अशा पाढ्यात ऐकू येते. शोधायची पद्धत सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, गेली तर चार्जर दोषी. नाही गेली तर पंख्याचा रेग्युलेटर बंद करा, मग एलईडी बल्ब, मग इन्व्हर्टर. गिटारच्या तारांना हात लावला की घूं कमी होते आणि सोडला की वाढते असं असेल तर बहुतेक अर्थिंगचा किंवा गिटारच्या आतल्या वायरिंगचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात जमीन वाळते, काळी माती तर भेगाळते, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात ओल राहिली नाही की अर्थिंग कमजोर पडते. खड्ड्यात पाणी टाकून बघा, आणि एकदा इलेक्ट्रिशियनला बोलवून तपासून घ्या, त्यात लाजू नका. पण घूं जाते म्हणून प्लगची तिसरी पिन तोडायची नाही, तीच तुमचा जीव वाचवते.

मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि वायरपासून लांब ठेवा, नाहीतर नेमक्या चांगल्या टेकमध्ये (म्हणजे एका दमात घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये) टिक-टिक-टिर्र येतं.

आता खरेदी

पहिला महिना काहीच घेऊ नका, मोबाईलवरच करा. बँडलॅबसारखं अ‍ॅप टाका, साधे वायरवाले इअरफोन लावा, दोन गाणी पूर्ण करा. ज्यांची दोन गाणी पूर्ण झाली नाहीत त्यांचा माईक सहा महिन्यांनी जुन्या सामानाच्या जाहिरातीत दिसतो.

त्यानंतर माझ्या मते क्रम असा. सगळ्यात आधी वायरवाला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. ब्लूटूथ अजिबात नको, त्यात आवाज सहज शंभर मिलीसेकंद किंवा त्याहून उशिरा येतो आणि तुम्ही ठेक्याच्या मागे गात राहता, मग वाटतं आपल्याला लयच नाही. दुसरा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि कॉम्प्युटरच्या मधला डबा. फोकसराइट स्कार्लेट सोलो आणि बेहरिंगरचे छोटे डबे हे नवशिक्यांकडे जास्त दिसतात, एकट्यानं गाणाऱ्याला एक माईक इनपुट पुरतं, तबला-पेटी एकत्र घ्यायची असेल तर दोनचा घ्या. मग माईक, आणि माईकइतकाच महत्त्वाचा एक जड स्टँड, कारण हलका स्टँड पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडतो, माईकसकट.

माईकमध्ये कंडेन्सर की डायनॅमिक हा वाद चहाच्या टपरीवर रात्रभर चालू शकतो. कंडेन्सर नाजूक ऐकतो, बारीक हरकत, श्वास, तारेचा स्पर्श सगळं घेतो, आणि रस्त्यावरचा हॉर्नही घेतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, इंटरफेसवर तसं बटण असतं, वायर जोडून झाल्यावर आणि हेडफोनचा आवाज कमी करूनच ते दाबा, नाहीतर कानात धाडकन आवाज. डायनॅमिक माईक जवळून गाणाऱ्याचं ऐकतो आणि लांबच्याकडे फार लक्ष देत नाही. खोली गोंगाटाची असेल तर डायनॅमिक, शांत खोली आणि गादीचा कोपरा जमला असेल तर कंडेन्सर. शुअर एसएम ५८ हा १९६६ सालापासून स्टेजवर आहे आणि घरीही चालतो, फक्त त्याला गेन, म्हणजे इंटरफेसवर माईकचा आवाज वाढवायची खुंटी, भरपूर द्यावा लागतो, आणि त्याचे डुप्लिकेट इतके फिरतात की निम्म्या किमतीत मिळाला तर समजून जा. मीही एकदा असा "ओरिजिनल" घेतला होता, उघडून पाहिला तर आतली वायर कागदाच्या टेपनं चिकटवलेली.

पॉप फिल्टर विकत घेऊ नका. भरतकामाची लाकडी रिंग आणि जुना नायलॉनचा मोजा, झालं. प, फ, भ ला जो फुफाटा येतो तो अडवायचा आहे फक्त.

कॉम्प्युटरमध्ये काय सेट करायचं

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, अ‍ॅपलवाल्यांना गॅरेजबँड फुकट आहे, विंडोजवर मी रीपर सुचवतो, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं. ऑडॅसिटी फुकट आहे, नुसतं एक ट्रॅक घ्यायला आणि कापायला चांगलं.

सेटिंग एकदाच करायची: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. २४ बिटचा फायदा असा की हळू आवाजात रेकॉर्ड केलं तरी चालतं, त्यामुळे गेन फुल करायची गरज उरत नाही. गाण्यातली सगळ्यात जोरात ओळ म्हणून बघा आणि मीटर उणे १० ते उणे १२ डीबीच्या वर जाणार नाही असा गेन ठेवा. प्रत्यक्ष टेकमध्ये माणूस सरावापेक्षा जोरातच गातो, तेवढी जागा पाहिजे. शून्याला लाल दिवा लागला म्हणजे आवाज फाटला, तो परत शिवता येत नाही.

विंडोजवर इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं पोचवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा घेतो तो आकडा, रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना १०२४. १२८ ला ४८ किलोहर्ट्झवर कागदोपत्री २.७ मिलीसेकंद उशीर होतो, येऊन-जाऊन प्रत्यक्षात आठ-दहा धरा. आवाज हवेतून एका मिलीसेकंदात साधारण एक फूट जातो, म्हणजे तबलजी आठ-दहा फुटांवर बसलाय असं समजा, तेवढं चालून जातं. लॅपटॉप जुना असून कटकट करत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा, मग स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ कानात येतो.

सूर आणि ताल, हे कोणी सांगत नाही

इंटरनेटवरचे सगळे धडे गिटार आणि ड्रमवाल्यांसाठी असतात, पेटीवाल्याचं कोणी बघत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

सॉफ्टवेअरमधली वाद्यं ४४० हर्ट्झवर लागलेली असतात, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी सहा बरोब्बर ४४० ला. तुमच्या घरची पेटी तशी असेलच असं नाही. मोबाईलवर ट्यूनर अ‍ॅप उघडा, पांढरी सहा वाजवा आणि आकडा बघा. समजा ४४२ आला, तर फरक साधारण ८ सेंटचा (लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत १०० सेंट असतात), ऐकायला किरकोळ, पण पेटीबरोबर सॉफ्टवेअरचा तानपुरा लावला की काहीतरी खुपत राहतं आणि लोक गाणाऱ्याला दोष देतात. पेटी लगेच लावून घेता येत नाही, म्हणून बाकी सगळं पेटीला जुळवायचं, तानपुरा अ‍ॅप, कीबोर्ड, गिटार सगळं ४४२ वर. पट्टी सांगताना गिटारवाल्याला काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ हे लिहूनच द्या, भांडणं वाचतात.

आणि हवामान. थंडीच्या सकाळी १५ अंशाला हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, ४५ अंशाला ३५८ च्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यात बासरी चढते. गिटारच्या तारा गरम होऊन सैल पडतात, त्या उतरतात. तबल्याचं कातडं कोरड्या हवेत ताणून चढतं आणि जुलैत ओलं होऊन उतरतं. म्हणजे एकाच दुपारी बासरी वर आणि गिटार खाली, मधे तुम्ही. दर टेकच्या आधी सूर तपासा, आळस करू नका.

तालाचं असं की क्लिक, म्हणजे सॉफ्टवेअरची टिक-टिक, चार मात्रांच्या बारमध्ये (खणात) येते. तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे चार बार, केरव्याचं दोन बार, दादऱ्याला सॉफ्टवेअरमध्ये बार सहाचा करा, रूपकाला सातचा, झपतालाचं आवर्तन म्हणजे पाचाचे दोन बार. असं केलं की सम नेहमी बारच्या सुरुवातीला पडते आणि नंतर कापायला-चिकटवायला सोपं जातं. नुसत्या टिक-टिकवर गाताना गाणं कवायतीसारखं होत असेल तर ठेक्याचा लूप लावा, पण गाणं सुरू व्हायच्या आधी दोन आवर्तनं मोकळी सोडा.

रेकॉर्ड

तोंड आणि माईक यात एक वीत. जवळ गेलात तर आवाज जाडसर होतो, कार्डिऑइड माईकचा तो गुणच आहे, काहींना आवडतो, पण एका ओळीत जवळ आणि दुसऱ्या ओळीत लांब असं झालं की दोन वेगळी माणसं गायल्यासारखं वाटतं. माईक ओठांच्या बरोब्बर समोर न ठेवता जरासा वर किंवा बाजूला ठेवा, म्हणजे स आणि श टोचत नाहीत. हेडफोनचा एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर ती वाटी गालावर दाबून धरा, नाहीतर त्यातली क्लिक माईकमध्ये जाते.

तर्री पोहा खाऊन गायला बसू नका. मी केलंय. दर दोन ओळींना खाकरणं आहे.

पेटीचा माईक भात्याच्या बाजूला ठेवला तर श्वासासारखा फुस-फुस आवाज येतो, आणि पट्ट्यांच्या अगदी जवळ ठेवला तर खटखट. समोरून, दीड-दोन फूट लांब, थोडा वरून. तबल्याला एकच माईक असेल तर तबला-डग्ग्याच्या मधोमध फूट-सव्वा फूट वर, आणि तो किंचित तबल्याकडे झुकवा, कारण डग्गा तसाही घुमतोच. खंजिरी भजनवाल्यांना वेगळं सांगतो: खंजिरीची थाप मीटरला एकदम उडवते आणि झांजा कंडेन्सरमध्ये कानात घुसतात, तेव्हा तीन-चार फूट लांब, माईकच्या बाजूला तिरकी धरून, आणि शक्यतो गाण्यानंतर वेगळ्या ट्रॅकवर घ्या.

एका ओळीचे तीन-चार टेक घ्या, पस्तीस नको. पस्तिसाव्या टेकला सूर बरोबर येतो आणि गाणं निघून गेलेलं असतं. सुरुवातीला किंवा शेवटी दहा सेकंद नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा, दोन टेक जोडताना मधली फट भरायला ती लागते.

मिक्स, थोडक्यात

सगळ्यात आधी नुसते फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, दुसरं काही नाही. पहिली दहा मिनिटं फक्त कोण किती जोरात हे ठरवा, निम्मं मिक्स तिथेच होतं. मग गाण्याच्या ट्रॅकवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथे तुमचा आवाज नसतो, ट्रकची घरघर असते. पेटी आणि गळा एकाच जागेसाठी भांडतात, तेव्हा गळा वाढवण्याऐवजी पेटीचे १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डीबी कमी करा. कॉम्प्रेसर (जोरातला आवाज दाबून हळू-जोरातला फरक कमी करणारा) तीनास एक, सुई तीन ते सहा डीबी हलेल इतकाच. रिव्हर्ब, म्हणजे मुद्दाम लावलेली घुमण्याची शेपटी, लावा, मग जितका आवडला त्याच्या निम्मा करा, नवीन माणूस नेहमी दुप्पटच लावतो, मीपण.

रात्री केलेलं मिक्स सकाळी ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर, टीव्हीवर, मित्राच्या गाडीत वर्धा रोडवर एक चक्कर मारताना, सगळीकडे शब्द कळून राहिले का एवढंच बघा. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठा आवाज खाली आणून उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास ठेवतात, म्हणून लिमिटर (आवाजाची टोकं अडवणारं साधन) लावून गाणं वीट करण्यात अर्थ नाही. सगळ्यात वरचं टोक उणे १ डीबीवर अडवा आणि २४ बिट वेव्ह फाईल काढा.

दुसऱ्याचं गाणं गायलं असेल तर टाकण्याआधी हक्कांचं बघून घ्या. आपल्याकडे शब्द आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतात. अभंग जुना असला तरी त्याची चाल नवी असू शकते, आणि कराओके ट्रॅक तर कोणाचा तरी असतोच.

नातेवाईकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून एमपी३ पाठवा, म्हणजे आहे तशी फाईल जाते. आणि पूर्ण प्रोजेक्टचं फोल्डर, फक्त शेवटची फाईल नाही, पेनड्राइव्हवर आणि क्लाउडवर अशा दोन ठिकाणी तारीख टाकून ठेवा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशा तीन फाईल माझ्याकडे आहेत आणि तिन्हीत दुसरं कडवं वेगळं आहे.